बीआरटी : वेशीपाशी थांबलेला रस्ता

इंदूर शहरातील ‘बीआरटी’ मार्गाच्या जाळ्या फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस कापल्या जाऊ लागल्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला होता. त्याच्या आधी वर्षभर, जानेवारी २०२४ मध्ये, भोपाळने आपला मार्ग उखडायला घेतला होता. दिल्लीने तर २०१६ मध्येच आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गिकेवर बुलडोझर फिरवला. या मालिकेत पुण्याचे नाव वेगळ्या रीतीने घ्यावे लागते. पुण्याने आपली बीआरटी एका रात्रीत पाडली नाही. ती इथे तुकड्यातुकड्याने विरत गेली. कुठे उड्डाणपुलाच्या कामासाठी, कुठे मेट्रोच्या खांबांसाठी, तर कुठे ‘कोंडी फुटावी’ म्हणून. नगर रस्त्यावरील मार्गिका २०२३ मध्ये काढायला सुरुवात झाली, तेव्हा ती सुरू होऊन पुरती सात वर्षेच झाली होती.

देशातील पहिला जलद बस वाहतूक प्रकल्प सुरू करण्याचा मान पुण्याकडे आहे, ही गोष्ट आज अभिमानाने सांगावी की संकोचाने, असा प्रश्न पडावा अशी स्थिती आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे साडेसोळा किलोमीटरच्या मार्गावर पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यानंतरच्या काळात अनेक आराखडे झाले, सल्लागार नेमले गेले, पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून शंभर किलोमीटरहून मोठ्या जाळ्याची स्वप्ने रंगवली गेली. प्रत्यक्षात शहराच्या हाती लागले ते एकमेकांना न जोडलेले काही तुकडे. बीआरटी ही कल्पनाच भारतीय शहरांना मानवत नाही, असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो. हा निष्कर्ष सोयीचा आहे. पण पुण्यात बीआरटीचे नेमके काय झाले हे बारकाईने पाहिले, तर तो टिकत नाही.

मुळात कल्पना काय होती?

ब्राझीलमधील कुरितिबा या शहरात १९७४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका आखण्यात आल्या. त्या शहराचे महापौर जेमी लर्नर हे व्यवसायाने वास्तुरचनाकार होते. भुयारी रेल्वेला लागणारा पैसा शहराकडे नव्हता. तेव्हा रेल्वेचे गुण बसला द्यायचे, असा साधा विचार त्यामागे होता. रेल्वेला स्वतःचा मार्ग असतो, तिकीट गाडीत चढण्यापूर्वी काढले जाते, फलाट आणि डब्याची पातळी जवळपास सारखी असते आणि एका वेळी अनेक दारांनी माणसे चढतात-उतरतात. हे सारे बसला दिले, की बस रेल्वेसारखी धावू लागते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे महापौर एनरिके पेन्यालोसा यांच्या काळात डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ सुरू झाली आणि या कल्पनेला जगभर प्रतिष्ठा मिळाली. तेथे थांब्यांपाशी दोन पदर ठेवण्यात आले, जेणेकरून थांबलेल्या बसला ओलांडून मागची जलद बस पुढे जाऊ शकेल. केवळ या एका सोयीमुळे त्या मार्गाची क्षमता अनेक मेट्रोंच्या तोडीस तोड झाली. पुढे त्याच बोगोटामध्ये २०१२ मध्ये गर्दीला कंटाळलेल्या प्रवाशांनी बसस्थानकांची मोडतोड केली, हेही विसरता कामा नये. चांगली योजनासुद्धा वाढत्या गर्दीबरोबर वाढवत न्यावी लागते.

भारतात या कल्पनेला बळ मिळाले ते दोन गोष्टींमुळे. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. पुण्यासारख्या शहरांतील प्रकल्पांना त्यात केंद्राकडून ५० टक्के आणि राज्याकडून २० टक्के अर्थसाह्य मिळणार होते. महापालिकेला केवळ ३० टक्के वाटा उचलायचा होता. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्त्याचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी करावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत मांडले होते. धोरण आणि पैसा यांपैकी महापालिकांनी आधी काय वाचले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. बीआरटीच्या नावाने आलेल्या निधीतून रस्ते रुंद झाले, काँक्रीटचे झाले, भुयारी मार्ग आणि उड्डाणपूल झाले. बसची मार्गिका हा त्या साऱ्या कामाचा एक भाग होता आणि अडचण आली की तोच भाग आधी मागे पडत असे.

अर्धवट अवताराची पहिली छाप

पहिल्या पथदर्शी मार्गावर रस्त्याच्या मधोमध मार्गिका होती. पण तिकीट बसमध्येच काढायचे, बसच्या पायऱ्या चढूनच आत जायचे आणि थांब्यावर पोहोचण्यासाठी भरधाव वाहतुकीतून अर्धा रस्ता ओलांडायचा, अशी स्थिती होती. हा शेवटचा मुद्दा तेव्हा कोणी पुरेशा गांभीर्याने घेतला नव्हता. थांबा पदपथालगत असेल, तर प्रवाशाला जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्यांत एकदा रस्ता ओलांडावा लागतो. थांबा मधोमध असेल तर प्रत्येक फेरीत चढताना अर्धा आणि उतरताना अर्धा. म्हणजे अशा मार्गावर पादचाऱ्यांसाठी सिग्नल, उंचवटे आणि थांबण्याची सुरक्षित जागा हा प्रकल्पाचा पाया ठरतो. पुण्यात मार्गिका आधी आली आणि पादचाऱ्यांचा विचार नंतर. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत झालेल्या अपघातांनी बीआरटीच्या माथ्यावर जो शिक्का बसला, तो पुसणे कोणालाही जमले नाही. सातारा रस्त्यावरील मार्गाची नंतर पुनर्रचना झाली. परंतु तोवर ‘बीआरटी म्हणजे अपघात आणि खोदाई’ हे समीकरण शहराच्या डोक्यात घट्ट बसले होते.

दिल्लीत २००८ मध्ये नेमके असेच घडले. तेथील मार्गावर थांबे उघडे आणि चौकालगत होते, बसगाड्या जुन्या आणि नव्या अशा मिश्र होत्या आणि सिग्नलवर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१२ मध्ये याचिका फेटाळून मार्गिका कायम ठेवली, तरी लोकमताचा निकाल तोवर लागून गेला होता. तीन-चार वर्षांनी सरकारने मार्गच काढून टाकला.

अहमदाबादने मात्र घाई केली नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू होण्यापूर्वी त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली होती. मार्गाची आखणी तेथील सेप्ट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी केली. पहिला टप्पा साडेबारा किलोमीटरचाच होता, पण थांबे बंदिस्त होते, तिकीट थांब्यावर मिळत होते आणि बसची जमीन फलाटाच्या पातळीत होती. नावही जाणीवपूर्वक निवडलेले होते. बीआरटी या इंग्रजी आद्याक्षरांनी लोकांच्या मनात दिल्ली आणि पुणे यांची चित्रे उभी राहतील, हे ओळखून त्यांनी ती टाळली. प्रवाशाने पहिल्या दिवशी जे पाहिले ते त्याला आवडले. पुण्यातील प्रवाशाला पहिल्या दिवशी काय दिसले, हे वर आलेच आहे.

‘रेनबो’ आणि नदीचा काठ

पुण्याला दुसरी संधी मिळाली ती २०१५ मध्ये. ‘रेनबो’ या नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी (ऑगस्ट २०१५), सांगवी–किवळे (सप्टेंबर २०१५), नाशिक फाटा–वाकड (नोव्हेंबर २०१५) आणि येरवडा–वाघोली (एप्रिल २०१६) असे मार्ग एकापाठोपाठ एक सुरू झाले. या वेळी पहिल्या चुका बऱ्याच अंशी सुधारलेल्या होत्या. बंदिस्त थांबे, आपोआप उघडणारी दारे, बसच्या पातळीतील फलाट आणि बस केव्हा येणार हे सांगणारे फलक असे सारे होते. निगडी–दापोडी हा जुन्या मुंबई महामार्गावरील मार्ग सुरक्षिततेच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयात अडकला होता. आयआयटी मुंबईकडून सुरक्षा तपासणी झाल्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये तोही खुला झाला. पिंपरी-चिंचवडमध्ये रस्ते मुळातच रुंद असल्याने तेथील मार्गांचा जम तुलनेने चांगला बसला.

परंतु पुण्याचा नकाशा समोर ठेवून हे मार्ग त्यावर आखून पाहिले, की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. विश्रांतवाडीहून येणारी मार्गिका संगमवाडीला संपते. वाघोलीहून येणारी येरवड्याला संपत होती. या दोन्ही ठिकाणांहून पुढे मुळा-मुठा नदी ओलांडली की खरे शहर सुरू होते: शिवाजीनगर, पुणे स्टेशन, डेक्कन, पेठा. कात्रजहून आणि हडपसरहून येणारी मार्गिका स्वारगेटपर्यंत, म्हणजे पेठांच्या वेशीपर्यंत येऊन थांबते. ज्या रस्त्यांवर तासन् तास वाहने अडकून पडतात, त्यांतील एकाही रस्त्यावर मार्गिका कधी शिरलीच नाही. रस्ता जिथे रुंद, तिथे राखीव मार्गिका. रस्ता जिथे अरुंद, तिथे बसने इतर साऱ्यांसारखे धक्के खात जावे, असा हा न्याय होता.

याचा परिणाम प्रवाशाच्या घड्याळात दिसतो. वाघोलीहून डेक्कनकडे जाणाऱ्या माणसाने नगर रस्त्यावर दहा मिनिटे वाचवली आणि बंडगार्डन पुलाच्या तोंडाशी ती सगळी घालवली, तर त्याच्या लेखी वाचले काय? शिवाय, मार्गिका मधल्या वाटेतही सलग नव्हती. मोठ्या चौकात ती सोडावी लागे, पूल आला की बाहेर पडावे लागे, पुढे पुन्हा आत शिरावे लागे. प्रत्येक वेळी बाहेर पडताना आणि आत शिरताना बसला इतर वाहनांच्या प्रवाहात घुसावे लागते आणि नेमक्या त्याच जागी कोंडी होते. मग दोष बीआरटीला दिला जातो. पाण्याची जलवाहिनी दहा ठिकाणी तोडून ठेवावी आणि नळाला पाणी येत नाही म्हणून धरणाला नावे ठेवावीत, त्यातला हा प्रकार आहे.

रिकाम्या मार्गिकेचे गणित

बीआरटीवर होणारा सर्वांत तिखट आरोप असा, की शेजारी वाहनांच्या रांगा लागलेल्या असताना मधली मार्गिका रिकामी पडलेली असते. समर्थक या आरोपाची टर उडवतात, आणि ते चुकते. हा आरोप गणिताने तपासून पाहण्याजोगा आहे.

सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पदरातून तासाला साधारण हजार मोटारी जातात असे धरू. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर त्या पदरातून तासाला दीड हजार माणसे गेली. आता तोच पदर बसला दिला. बसमध्ये साठ प्रवासी आहेत आणि दर मिनिटाला एक बस जाते आहे, असे मानले तर तासाला ३,६०० माणसे जातात. मार्गिका तरीही रिकामीच दिसेल, कारण दोन बसच्या मध्ये मिनिटभराची पोकळी असेल. पण ती मोटारींच्या दुपटीहून अधिक माणसे वाहत असेल. इथवर समर्थकांचे म्हणणे बरोबर. मात्र बस दर पाच मिनिटांनी येत असेल, तर हाच आकडा ७२० वर येतो, म्हणजे मोटारींच्या पदराच्या निम्म्याखाली. तेव्हा मार्गिका दिसायला रिकामी असते आणि प्रत्यक्षातही रिकामीच असते. मार्गिका राखून ठेवण्याचे समर्थन करायचे, तर गर्दीच्या वेळी तीमधून दर दोन-अडीच मिनिटांना एक भरलेली बस जायला हवी.

पुण्यात तर ही अट अधिकच कडक आहे, कारण येथील रस्त्यावरचा मुख्य प्रतिस्पर्धी मोटार नव्हे, दुचाकी आहे. रस्त्याची तेवढीच जागा वापरून दुचाकी मोटारींपेक्षा किती तरी अधिक माणसे वाहून नेतात. पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या अंदाजित लोकसंख्येहून अधिक झाल्याचे २०१८ मध्ये समोर आले. तो आकडा ३६ लाखांच्या वर होता आणि त्यात बहुसंख्य दुचाकी होत्या. दुचाकी दारातून निघते आणि दारात पोहोचते. नवरा-बायको दोघे एका स्कूटरवर निघाले, तर त्यांचा पेट्रोलचा खर्च बसच्या दोन तिकिटांहून फारसा जास्त येत नाही, कित्येकदा कमीच येतो. कुरितिबा किंवा बोगोटा यांच्यासमोर हे आव्हान या प्रमाणात नव्हते. त्यांचे आराखडे जसेच्या तसे उचलताना आपल्या नियोजनकर्त्यांनी हा फरक हिशेबात धरल्याचे दिसत नाही.

बसचे हे गणित सांभाळण्याची जबाबदारी पुणे महानगर परिवहन महामंडळाची, म्हणजे ‘पीएमपी’ची. दोन्ही महापालिकांच्या परिवहन सेवा एकत्र करून २००७ मध्ये हे महामंडळ स्थापन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही शहरांची मिळून लोकसंख्या सुमारे ४८.५ लाख होती आणि त्यानंतर उपनगरे झपाट्याने वाढली. महामंडळाचा ताफा मात्र वर्षानुवर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. त्यातही जुन्या गाड्या रस्त्यात बंद पडण्याचे प्रमाण मोठे. राखीव मार्गिकेत बस बंद पडली, की मागच्या साऱ्या बस तिच्या पाठीशी कैद होतात, कारण बोगोटासारखा ओलांडण्याचा दुसरा पदर येथे नाही. शिवाय, ‘रेनबो’ मार्गावरील मधल्या थांब्यांसाठी उजव्या बाजूला दार असलेली बसच लागते. तसे दार नसलेली बस मार्गिकेत शिरून थांब्यावरचा प्रवासी घेऊ शकत नाही. म्हणजे बसखरेदीची निविदा आणि रस्त्याची आखणी यांची सांगड पहिल्या दिवसापासून घालायला हवी. रस्ता बांधणारी महापालिका, बस चालवणारे महामंडळ आणि वाहतूक नियंत्रित करणारे पोलीस ही तीन वेगवेगळी घरे आहेत. मार्गिकेत दुचाकी शिरल्या तर त्यांना रोखायचे कोणी, हा प्रश्न या तीन घरांच्या अंगणात वर्षानुवर्षे फिरत राहिला. महामंडळाच्या प्रमुखपदी आलेले अधिकारी घडी बसवू लागेपर्यंत बदलून जात. तुकाराम मुंढे यांची कारकीर्दही मार्च २०१७ ते फेब्रुवारी २०१८ अशी जेमतेम अकरा महिन्यांची ठरली.

या संदर्भात आणखी एक हिशेब महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी मांडत नाही. सोळा किलोमीटर लांबीचा एक मार्ग घेऊ. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर. गर्दीत बसचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर असेल, तर एका फेरीला १६० मिनिटे लागतात. दर पाच मिनिटांना एक बस सोडायची, तर ३२ बस हव्यात. सलग मार्गिकेमुळे वेग ताशी २० किलोमीटर झाला, तर फेरी ९६ मिनिटांत पूर्ण होते आणि तेवढ्याच वारंवारितेसाठी २० बस पुरतात. बारा बस, त्यांचे चालक-वाहक आणि त्यांचे इंधन वाचले. किंवा तेवढ्याच खर्चात बस पाचऐवजी तीन मिनिटांनी येऊ लागली. ताफा अपुरा आहे म्हणून मार्गिका नको, असा युक्तिवाद ऐकू येतो. खरे तर ताफा अपुरा आहे म्हणूनच मार्गिका हवी. मात्र ही बचत मिळते ती मार्गिका सलग असेल तरच.

तोडायला सोपे का?

नगर रस्त्यावरील मार्गिका काढण्याचा निर्णय झाला तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. सभागृह असते तर मार्गिका वाचली असती, असे समजण्याचे कारण नाही. स्थानिक लोकप्रतिनिधींचा रेटा तिच्या विरोधातच होता. पण निदान सभागृहात प्रश्न विचारले गेले असते. मार्गिका काढल्यावर बसचा वेळ किती वाढला? इतर वाहनांचा किती कमी झाला? त्या वाचलेल्या वेळात किती माणसे होती? कोंडी किती किलोमीटर लांब हे सगळे मोजतात. कोंडीत किती माणसे आहेत हे कोणी मोजत नाही. बसमधील साठ माणसे रस्त्यावर एक वाहन म्हणून धरली जातात, हे या साऱ्या वादाचे मूळ आहे.

बसने जाणाऱ्याला आवाज नाही, हेही तितकेच खरे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दुकानांत आणि रुग्णालयांत पाळीने काम करणारे कर्मचारी हा बसचा प्रवासी. त्याला नगरसेवकाच्या कार्यालयात निवेदन घेऊन जायला सवड नसते. दुकानासमोरची वाहने उभी करण्याची जागा गेलेला व्यापारी मात्र दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन हजर होतो. त्याचे म्हणणे चुकीचे नसते, पण ऐकले जाते ते तेवढेच. मार्च २०१८ मध्ये महापालिकेने वाहनतळ धोरण मंजूर केले, तेही प्रायोगिक तत्त्वावर मोजक्या पाच रस्त्यांपुरते. सशुल्क पार्किंगच्या कल्पनेला एवढा विरोध झाला, की ते धोरण कागदावरच राहिले. रस्त्याच्या कडेची जागा फुकट मिळणे हा हक्क आहे, असे ज्या शहरात सर्वपक्षीय एकमत असते, तेथे त्याच रस्त्यावर बससाठी पदर राखणे अवघड जाणारच.

पेठांत बीआरटी कशी नेणार, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. लक्ष्मी रस्त्यावर मधोमध थांबा बांधणे शक्य नाही आणि कोणी तसे सुचवतही नाही. पण शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे एकेरी वाहतुकीचे समांतर रस्ते आहेत. त्यांवर एका बाजूची उभी वाहने हटवून रंगाने आखलेला एक पदर बसला दिला, तर काँक्रीटही लागत नाही आणि जाळ्याही लागत नाहीत. खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती वाहने हटवण्याची. म्हणूनच गेल्या वीस वर्षांत कोट्यवधी रुपये खर्चाच्या योजना आल्या, पण ही रंगाची योजना कधी आली नाही. १९८७ च्या विकास आराखड्यात दाखवलेला उच्च क्षमता द्रुतगती मार्ग हे याचे ठळक उदाहरण. शहराच्या आतून फिरणाऱ्या या सुमारे ३६ किलोमीटरच्या उन्नत वर्तुळाकार रस्त्यावर दोन पदर बससाठी ठेवायचे ठरले होते. निविदा चढ्या दराच्या आल्याने २०१९ मध्ये त्या गुंडाळाव्या लागल्या. बससाठी जमिनीवरचे दोन पदर मोकळे करण्यापेक्षा हवेत ३६ किलोमीटर रस्ता बांधणे प्रशासनाला सोपे वाटले, यातच सगळे आले.

मेट्रो आली, बसचे काय?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोहोचली. आता बीआरटीची गरज उरली नाही, असा सूर त्यानंतर वाढला आहे. मेट्रोचे महत्त्व निर्विवाद आहे. नदीखालून आणि पेठांखालून जाऊन तिने नेमके तेच अंतर कापले, जे बीआरटीला कधी कापता आले नाही. पण मेट्रोच्या दोन मार्गिकांनी शहराचा केवळ एक छेद साधला जातो. स्थानकावर उतरलेल्या माणसाला कोंढव्याला, धायरीला, लोहगावला, मांजरीला जायचे असते. ते काम बसच करणार आहे आणि त्या बसला पुन्हा त्याच कोंडीतून जायचे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. खर्च २,९५४ कोटी ५३ लाख रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५४० कोटी. पूर्ततेचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२९. देशातील पहिली बीआरटी ज्या रस्त्यावर धावली, त्याच पट्ट्यात जमिनीखालून ही मेट्रो धावेल.

भुयारी मार्गाचे काम सुरू असताना वर सातारा रस्त्यावर ठिकठिकाणी पत्रे उभे राहतील, रस्ता अरुंद होईल आणि वाहतूक वळवावी लागेल. उरलेल्या मार्गिकेचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा वाहतूक नियोजनाच्या बैठकीत निघेल. अशा वेळी आजवर पुण्यात एकच उत्तर दिले गेले आहे: मार्गिका तात्पुरती सर्वांसाठी खुली करायची. संचेतीपासून नगर रस्त्यापर्यंत जिथे जिथे कामे निघाली, तिथे तात्पुरते म्हणून काढलेले फार थोडे परत आले. या वेळी उलटे करून पाहण्यास वाव आहे. काम सुरू असताना रस्त्याची क्षमता घटणारच असेल, तर उरलेल्या दोन पदरांपैकी एक बसला द्यावा, दर दोन मिनिटांना बस सोडावी आणि वर्षभराने किती माणसे त्या रस्त्यावरून गेली हे मोजावे. कात्रजच्या आगारातून सकाळी निघणाऱ्या प्रवाशाला फेब्रुवारी २०२९ पर्यंत स्वारगेट गाठण्यासाठी बसखेरीज दुसरे सार्वजनिक साधन तसेही मिळणार नाही.